डाव्या हाताचं धनुष्य

मारोबा माझ्या धाकट्या बहिणीचा, बागायोचा, जावई. खाऱ्या तळ्याच्या पलीकडचा. लग्न करून आमच्या वस्तीत राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं? एक धनुष्य, कातड्याच्या पिशवीत बाण आणि न थांबणारं तोंड. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मावशी, माझा बाण लागला की जनावर आधी वळून माझ्याकडे बघतं, मग पडतं." मी म्हटलं, "बघणारच बाबा. एवढी बडबड कोण करतंय म्हणून." आजूबाजूचे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. तेव्हाच तो मला आवडला. बढाया मारणारे पुष्कळ असतात, पण स्वतःवर हसणारा बढाईखोर मी तेवढा एकच पाहिला.

त्याची बढाई पोकळही नव्हती. ते धनुष्य उभं केलं तर त्याच्या डोक्याच्या वर जायचं, आणि वस्तीतल्या दुसऱ्या कुठल्याच गड्याला ते कानापर्यंत ओढता यायचं नाही. मारलेल्या जनावरांच्या केसाळ कातडीच्या पट्ट्या त्यानं त्याच्यावर ओळीनं बांधल्या होत्या. आमच्यात जावई सासूच्या वस्तीत राहतो. मध असो, मांस असो, आधी सासूच्या चुलीशी पोचायला हवं. मारोबानं पोचवलं. बागायो त्या दिवसांत चांगली अंगानं भरली होती. पण कौतुकाचा एक शब्द काढेल तर शपथ. तुकडा चघळता चघळता म्हणायची, "चिवट आहे."

हे तिला त्याच्या तोंडावर म्हणता येत नव्हतं, हे त्याचं नशीब. सासू-जावयानं समोरासमोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, ही आमची रीत. तिची झोपडी वस्तीच्या या टोकाला, त्याची त्या टोकाला, आणि ती कधी त्याच्या बाजूला पाऊल टाकायची नाही. मग मधे कोण? मी. नवरा गेलेला, दात गेलेले, कुणाची भीड उरलेली नाही. दिवसभर इकडून तिकडे निरोप घेऊन फिरायचं. बागायोचा निरोप पोचवताना त्यातलं अर्धं तिखट मी वाटेतच सांडायचे, नाहीतर त्या दोघांचं एक वर्षसुद्धा निभलं नसतं.

मग साप चावला. खडकाच्या कपारीत मध दिसला म्हणून मारोबानं उजवा हात आत घातला, आणि आत आधीपासून कुणीतरी बसलं होतं. जाड, आखूड, सुस्त साप. आमच्याकडे साप चावून माणसं मरतात ती बहुतेक त्याच्यामुळेच. मारोबा जगला. कसा जगला असं विचारलं तर म्हणायचा, "मी नाही मेलो, सापच मेला असेल मला चावून." पण हाताचं मांस सडलं. दोन बोटं गळून गेली आणि अंगठा वाळल्या काटकीसारखा ताठ झाला. त्या हातानं सुरी धरता येईना, मग धनुष्याची दोरी काय ओढणार?

उपाशी कुणी राहिलं नाही. आमच्यात एकानं मारलं की सगळ्यांनी खायचं, त्यात विचारायचं काय. पण खाणं वेगळं आणि आणणं वेगळं. पाऊस सरला, गवत पिवळं पडलं. माझी भाची अबेया, म्हणजे मारोबाची बायको, पोटुशी राहिली, पोट दिसायला लागलं, तरी जावयानं मारलेलं मांस सासूच्या चुलीवर आलं नाही. एका सकाळी कंद भाजताना बागायो चुलीशी बोलायला लागली. तिला कुणाला काही ऐकवायचं असलं की ती चुलीशी बोलते.

"बोरं लाल झाली की मी भावाकडे डोंगरात जाणार," ती म्हणाली. "अबेया माझ्याबरोबर येईल. तिथं तरणे शिकारी आहेत."

"आणि तिचा नवरा?" मी विचारलं.

"त्याचं काय? बसू दे इथंच बडबडत."

"पोर त्याचं आहे, बागायो."

"मग पोराला बापाच्या गोष्टी खायला घालू का? तू सांग त्याला. आणि ताई, आहे तस्संच सांग. तू वाटेत काय काय सांडतेस ते कळतं मला."

याचा अर्थ आमच्यात कुणाला फोडून सांगावा लागत नाही. बायको आईबरोबर निघून गेली आणि नवरा मांस घेऊन मागोमाग गेला नाही, की लग्न संपलं. भांडण नाही, तंटा नाही. मारोबाजवळ बोरं पिकेपर्यंतचा वेळ होता. तेव्हा ती हिरवी होती.

मी निरोप सांगितला, आहे तस्साच. मारोबा गोरखचिंचेच्या बुंध्याला टेकून तिचंच आंबट फळ चोखत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बी थुंकली आणि म्हणाला, "मावशी, सासूबाईंना सांग, डोंगरात थंडी फार. कशाला उगाच जाताय? मी नवं धनुष्य करतोय."

"कुठल्या हातानं?"

त्यानं डावा हात वर केला. "हा लेकाचा इतकी वर्षं नुसता धनुष्य धरून उभा असायचा. आता जरा ओढू दे की त्याला."

धनुष्य आमचा प्रत्येक पुरुष स्वतःच करतो, त्यात नवल नाही. पण ते करतात दोन धड हातांनी. दुसऱ्या दिवशी तो ओढ्याकाठी उतरला. मी जवळच कंद खणत होते, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. एकेक सरळ वाढलेलं झाड तो धरायचा, वाकवायचा, सोडून द्यायचा आणि ते परत कसं उभं राहतं ते बघायचा. मनगटाएवढं जाड, कुठं गाठ नाही, मधे फांदी फुटलेली नाही, असं लाकूड लागतं. एक पसंत पडलं. कोयता डाव्या हातात घेतला तर घाव खोडावर कमी आणि आसपासच्या गवतावर जास्त.

"मावशी, जरा लांब बस," मला म्हणाला. "हा हात अजून माझं ऐकत नाही."

साल त्यानं दातांनी सोलली. मग ओलं लाकूड दोन्ही पायांच्या तळव्यांत धरून सुरीनं तासायला बसला. धनुष्याच्या दोन्ही बाजू सारख्या वाकायला हव्यात. एक कडक राहिली तर सगळा भार दुसरीवर येतो आणि ती मोडते. मारोबा थोडं तासायचा, मग डोळे मिटून लाकडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवायचा. बोटांना कळत होतं, पण तासणारा हात नवखा. एका जागी सुरी खोल गेली. झाडाच्या बेचक्यात घालून वाकवलं तेव्हा नेमकं तिथंच कडाडलं.

एंडेको शेजारी उभाच होता. हा आमच्या वस्तीतला दुसरा चांगला शिकारी, नेम बरा आणि जीभ त्याहून बरी. म्हणाला, "छान झालं. एकाची दोन झाली. एक तुला, एक पोटातल्या पोराला."

"इथं मोडलं हे बरं झालं," मारोबा म्हणाला. "रानरेड्यासमोर मोडलं असतं तर माझ्यामागे तुला अबेया सांभाळावी लागली असती. आणि सासूबाईही."

एंडेको गप्प झाला. बागायो सासू म्हणून मिळणार म्हटल्यावर कुणीही गप्प होईल.

दुसरं लाकूड मारोबानं जुन्या धनुष्यापेक्षा वीतभर लांब घेतलं आणि आतल्या, ओढणाऱ्याकडच्या बाजूनं जास्त तासलं. लांब, मऊ, ओढायला हलकं. घाईघाईत नाही केलं. सकाळी थोडं, उन्हं उतरल्यावर थोडं, मधे सावलीत झाकून ठेवायचं. एंडेकोनं ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि नाक मुरडलं. "पोरं पाखरं मारतात तसलं आहे हे."

"जड धनुष्य लांबून मारायला लागतं. मी जवळ जाणार."

"किती जवळ?"

"जनावराच्या अंगाचा वास येईल इतका."

"आणि तेवढा वेळ तोंड बंद ठेवशील?"

मारोबा हसला. "तेच तेवढं अवघड आहे बघ."

लाकडाला चरबी चोळून तो निखाऱ्यांवरून फिरवत होता, तेव्हा एंडेकोनं जुन्या धनुष्याचा विषय काढला. आमचे पुरुष झाडाच्या सालीच्या चकत्या उडवून जुगार खेळतात. विषारी बाण, सुरी, मणी, तंबाखू, सगळं डावावर लावतात, पण शिकारीचं धनुष्य लावत नाहीत. त्यामुळे ते एंडेकोला जिंकता येत नव्हतं, आणि डोळा तर कधीपासून होता. शेवटी त्यानं सरळ मागितलं. "ते जुनं मला दे. तुला आता त्याचा काय उपयोग?"

मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नसतं. मारोबानं झोपडीतून धनुष्य आणून त्याच्या हातात दिलं. "घे की. कानापर्यंत ओढ आणि घेऊन जा."

एंडेकोनं पाय रोवले, श्वास भरला. हनुवटीपर्यंत दोरी आली, मग दंड थरथरायला लागले, मानेच्या शिरा टरारल्या आणि दोरी परत गेली. आम्ही बायका हसून हसून खाली बसलो. त्यानं परत ओढलं. मग दुसऱ्यानं ओढून पाहिलं, तिसऱ्यानं पाहिलं. कुणाच्याही कानापर्यंत ते आलं नाही.

मारोबानं धनुष्य परत घेतलं. त्याच्यावरच्या पट्ट्या एकेक सोडून अबेयाच्या ओंजळीत ठेवल्या. आणि ते धनुष्य सरळ निखाऱ्यांवर आडवं टाकलं. "आता हे कुणालाच ओढता येत नाही," म्हणाला. "मग ते लाकूडच की." वर्षानुवर्षांची चरबी प्यायलेलं लाकूड ते, भडकन पेटलं. त्याच जाळावर त्यानं नवं धनुष्य शेकलं, बेचक्यात घातलं, पायानं रेटून बाक आणला, डोळ्यासमोर आडवं धरून पाहिलं आणि परत शेकलं.

अबेया रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? बागायोला कळलं तेव्हा ती चुलीला म्हणाली, "वेड लागलंय त्याला." मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा गडी आता करून दाखवणार. ज्याच्या मनात कुठंतरी धाकधूक आहे तो जुनं जपून ठेवतो, न जाणो म्हणून. यानं पेटवून दिलं आणि वर त्यावर कंद भाजून खाल्ला.

दोरीसाठी शिरा हव्या होत्या. मोठ्या जनावराच्या मानेमागची लांब शीर वाळवतात, चावून मऊ करतात आणि मांडीवर वळून तिची दोरी करतात. ज्यानं इतके दिवस जनावर मारलं नाही त्याच्याकडे ती असणार कुठून? होती ती बागायोकडे. झेब्र्याच्या शिरा, चामडं शिवायला जपून ठेवलेल्या. मारोबा मला म्हणाला, "मावशी, सासूबाईंकडे माग ना."

गेले. बागायोनं ऐकलं आणि डोळेच वटारले. "म्हणजे माझ्याच शिरा घेऊन माझ्याच लेकीला अडवणार?"

"त्यानं मागितल्यात, बागायो. नाही म्हणणारेस?"

तिनं दात-ओठ खात गाठोडं सोडलं, शिरा काढल्या आणि माझ्या पायाशी वाळूत फेकल्या. "ने. आणि दोरी कच्ची वळलीस तर माझ्या शिरांना नावं ठेवू नकोस म्हणावं."

मी शिरा नेऊन मारोबाला दिल्या. म्हटलं, "सासूबाईंनी दिल्यात. अगदी आनंदानं."

"आनंदानं?"

"आनंदानंच. चावायच्या आधी वाळू तेवढी झटक."

उरली मूठ. उजव्या पंजाला काही आवळून धरता येत नव्हतं. त्यानं धनुष्याच्या मधोमध हरणाच्या कातड्याचा पट्टा बांधला आणि त्यात पंजा सरकवला. दातानं पट्टा ओढला की पंजा लाकडाला घट्ट चिकटून बसायचा. असली सोय आमच्यात कुणी केलेली मी आजवर पाहिली नव्हती. त्यालाही कुणी शिकवली नव्हती. बसल्या बसल्या सुचली आणि केली, आणि मग त्यावर आम्हाला दिवसभर ऐकवलं.

सराव सुरू झाला. एका मोठ्या वाळक्या भोपळ्यावर तो नेम धरायचा आणि बाण कुठं जाईल ते सांगता यायचं नाही. बायका पोरांना घेऊन झोपड्यांत शिरल्या. मी उठले आणि त्या भोपळ्याशेजारीच जाऊन मणी ओवत बसले. म्हटलं, "आज वस्तीत सगळ्यात सुरक्षित जागा हीच आहे." मारोबाला इतकं हसू आलं की त्याला धनुष्य खाली ठेवावं लागलं. पण हसून झाल्यावर परत उचललं. खांदा सुजला, बोटांची कातडी सोलली, अबेया रात्री चरबी चोळायची आणि सकाळी हा परत उभा. एक दिवस बाण माझ्या कानाजवळून सूं करत गेला आणि भोपळ्यात शिरला. तेव्हापासून मी तिथं बसणं सोडलं.

मग तो रोज दिवस उगवायच्या आत शिकारीला जायला लागला. रोज मोकळ्या हातानं यायचा, पण गात यायचा. टेकडीच्या खालूनच आरडाओरडा सुरू. आज झेब्र्यानं कसं फसवलं, आज वारा कसा बेइमान निघाला. "उद्या बघ मावशी." मी म्हणायचे, "बघते बाबा, डोळे शाबूत आहेत तोवर." तिकडे खालच्या झुडपांत बोरं तांबूस व्हायला लागली होती. बागायोनं एक पिकलेलं बोर तोडून आणलं, माझ्यासमोर धरलं आणि काही न बोलता तोंडात टाकलं. माझा जीव टांगणीला लागला. अबेयाकडे तर बघवत नव्हतं. पोर बोलायची कमी, आईनं हात धरला की नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

आणि एका संध्याकाळी मारोबा गात आला नाही. गुपचूप टेकडी चढला, धनुष्य झाडाला टेकवलं, बाजूला जाऊन बसला. अबेयानं पाणी दिलं, ते प्यायला. तिनं काही विचारलं तर मान फिरवली.

बाण लागला की आमच्यात माणूस त्याबद्दल बोलत नाही. विष भिनायला वेळ लागतो, जनावर लांब जाऊन पडतं. ते पडलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. बाकीचे पुरुष सहज गेल्यासारखे त्याच्या पिशवीत डोकावतात, विषारी बाण कमी झालेला बघतात आणि तेही गप्प बसतात. सकाळी सगळे मिळून माग काढतात. मी एंडेकोला डोकावताना पाहिलं. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता. मला उठून नाचावंसं वाटलं. पण मी तरी कशी बोलणार? चुपचाप जाऊन आडवी झाले.

पण हरलेला माणूसही गप्पच बसतो. बागायोला त्या टोकाचे बाण दिसत नव्हते. तिला एवढंच कळलं की तो बडबड्या आज गाण्याशिवाय आला. झालं, तिनं तिच्यापुरतं ठरवून टाकलं.

सकाळी उठून पाहते तर तिची झोपडी रिकामी. पाण्याचा भोपळा नाही, भांडं नाही, कातडी नाही. अबेयाही नाही. मी हादरले. नुसत्या गेल्या म्हणून नव्हे. पोटुशी बाई नवऱ्यानं बाण मारलेल्या जनावराच्या मागावरून आडवी गेली की विष उतरतं आणि जनावर उठून चालायला लागतं. म्हणून माग काढायच्या दिवशी तिला वस्तीत बसवून ठेवतात. आणि डोंगराची वाट खालच्या माळावरून आडवी जाते, जिथं जनावरं चरतात.

मी खणायची काठी उचलली आणि त्या दोघींच्या पावलांवरून खाली उतरले. या वयात इतकी भरभर कधी चालले नव्हते. माळावर पोचले तर पुरुष समोरच. मारोबा, एंडेको आणि बाकीचे जमिनीकडे वाकून उभे. कुडूचा माग होता, वळलेल्या शिंगांचं ते मोठं हरण. मागावर रक्ताचे वाळलेले थेंब होते, आणि त्याला आडवी आलेली दोघी बायकांची पावलं.

एंडेकोनं माझ्याकडे पाहिलं. "कोण गेल्या, मावशी?"

"अबेया. तिच्या आईबरोबर."

त्यानं हातातला बाण पिशवीत टाकला. "मग संपलं. जनावर उठलं असेल केव्हाच. चला परत."

कुणी हललं नाही. सगळे मारोबाकडे बघत होते. एकाच जागी त्याचं जनावरही गेलं होतं आणि बायकोही. एवढ्या बोलक्या माणसाचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हा खाली बसणार आणि परत उठणार नाही.

तो खाली बसला. पण पावलं बघायला. टेकल्या गुडघ्यांनी पुढं सरकत गेला, एका पावलाच्या कडेला बोट लावलं.

"मावशी, हे अबेयाचं. हल्ली तिची टाच खोल जाते." आणखी पुढं सरकला. "इथपर्यंत आली. इथं थांबली. दोन्ही पाय जवळ आहेत." मग मागाच्या कडेला धुळीत उमटलेल्या एका सरळ रेघेवर हात ठेवला. "माझ्या बाणाची काडी इथं गळून पडली होती. उचललीय कुणीतरी."

त्याच्या प्रत्येक काडीवर तो काळ्या रंगाची वळी काढायचा. अबेया शेजारी बसून ती बघायची.

"पलीकडे गेलेली पावलं फक्त सासूबाईंची आहेत," तो म्हणाला. "त्या गेल्या तर चालतं."

"मग अबेया कुठं गेली?" एंडेकोनं विचारलं.

मारोबानं हात लांब केला. टाच खोल गेलेली पावलं मागाच्या अलीकडूनच वळली होती. माग सोडून हातभर अंतरावरून, मागाला एकदाही न शिवता, कुडू जिकडे गेला तिकडेच चालली होती. एंडेको कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं बाण परत पिशवीतून काढला आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागला.

माग सरळ कुठं जातो? जखमी जनावर काटेरी झुडपांत शिरतं, परत बाहेर येतं, डावीकडे वळतं. अबेयाची पावलं प्रत्येक वळणाला त्याच्या बाजूनंच वळलेली. जिथं मोकळी जागा उरली नव्हती तिथं ती काट्यांतून गेली होती. एका फांदीवर तिच्या नेसत्या कातड्याचा तुकडा लटकत होता. थोडं पुढं गेल्यावर बागायोची पावलंही परत आलेली दिसली, लांब लांब टाकलेली, संतापलेली.

मग वर गिधाडं दिसली, आणि बागायोचा आवाज ऐकू आला. ती पक्ष्यांना शिव्या देत होती. एका विरळ सावलीच्या झाडाखाली कुडू पडला होता. केवढा तरी मोठा नर, जिवंतपणी कुणी हात लावायची छाती केली नसती असा. बागायो जावयाला पाठ करून उभी होती, डोक्यावर गाठोडं, हातातली खणायची काठी गिधाडांवर उगारलेली. आणि अबेया शिंगांजवळ बसली होती, मांडीवर ती काडी घेऊन. आम्हाला बघून उठली. गुडघ्यापासून खाली पाय रक्तानं रेघाटलेले होते.

"मी ओलांडलं नाही," ती मारोबाला म्हणाली. "कुठंच ओलांडलं नाही. बघ तू हवं तर."

मारोबा पुढं झाला. तो तिच्यासमोर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं एकेक काटा काढायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलंसुद्धा नाही. एंडेको आणि बाकीचे पुरुष उगाच कुडूच्या शिंगांची लांबी बघत राहिले.

बागायोला हे सगळं पाठमोरं ऐकू येत होतं. तिनं घसा खाकरला. "ऊन चढलं," ती त्या झाडाला म्हणाली. "डोंगर लांब आहे. अबेया, चल."

अबेयानं पाय काढून घेतला नाही. "आई, तू जा," ती म्हणाली. "मामाला सांग, मला इथं मांस उचलायचंय."

आईला नाही म्हणताना मी तिला जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बागायोनंही पहिल्यांदाच ऐकलं असणार. मला तिची पाठ दिसत होती आणि काठी धरलेला हात खाली आलेला दिसत होता. मग तिनं डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, सावली बघून ठेवलं आणि माझ्यावर डाफरली, "ताई, तू काय बघत उभी राहिलीस? एवढं जनावर कच्चं खाणार आहेत का? लाकडं गोळा कर." आणि माझ्या आधी तीच वाकली.